ठरलेली कुस्ती

"बाबा, तूं मुद्दाम हरलास!"

गेल्या रविवारीं दुपारीं आमच्या नऊ वर्षांच्या चिरंजीवांनीं माझ्यावर हा आरोप केला. वडिलांना अहो-जाहो करण्याची चाल आमच्या घरांत माझ्या पिढीबरोबरच संपली. तेव्हां आरोपीला बहुवचनाचा आधारहि उरलेला नव्हता. "छे रे, तूं आतां चांगला खेळूं लागला आहेस," असें कांहींसें गुळमुळीत उत्तर मीं दिलें. मुलानें तें ऐकूनहि घेतलें नाहीं. हातांतला कंट्रोलर त्यानें पलंगावर ठेवला आणि तो खिडकीपाशीं जाऊन रस्त्याकडे पाहत उभा राहिला. त्याच्या त्या लहानशा पाठीकडे पाहतांना मला तीस वर्षांपूर्वींची दुसरी एक पाठ आठवली. ती चांगली रुंद होती, खांद्यांत किंचित् वांकलेली होती, आणि तीहि याच खेळापायीं माझ्याकडे फिरली होती.

हा खेळ म्हणजे टी.व्ही.च्या पडद्यावर खेळावयाची जपानी कुस्ती. एवढें वाचूनच कांहीं प्रौढ वाचकांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील, याची मला कल्पना आहे. ज्या वयांत माणसें गुडघ्यांच्या औषधांची चर्चा करतात त्या वयाकडे मी झुकत चाललों आहें, आणि अशा माणसानें रविवारची दुपार पडद्यावरच्या बाहुल्या झुंजविण्यांत घालवावी हें शोभणारें नाहीं, हेंहि मला मान्य आहे. पण कांहीं खेळ आपण सोडले तरी ते आपल्याला सोडीत नाहींत. हा त्यांतला एक आहे, आणि त्याचें कारण तो खेळ नसून माझे आजोबा आहेत.

१९९४ सालीं आजी वारली आणि आबा कऱ्हाडजवळचें घर बंद करून आमच्याकडे मुलुंडला राहावयास आले. एक पत्र्याची पेटी, एक तांब्या आणि दोन मुडपलेले कान एवढेंच त्यांचें सामान होतें. मातींत वर्षानुवर्षें डोकें घासलें कीं पैलवानाचे कान सुकलेल्या जर्दाळूसारखे होतात. लहानपणीं मला त्यांची फार भीति वाटे, आणि पुढें फार अभिमान वाटूं लागला. आमचें घर पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर. संध्याकाळीं मिठागरांवरून वारा येई तेव्हां आबा गॅलरींत उभे राहून खालची वर्दळ पाहत आणि दररोज तोच प्रश्न विचारीत, "येवढी मानसं, आन् मातीचा हौदा कुठं दिसत न्हाई?"

खाशाबा जाधवांचें गोळेश्वर आबांच्या गांवापासून चालत जाण्याइतकें जवळ. १९५२ सालीं हेलसिंकीच्या ऑलिंपिकमधून खाशाबा कांस्यपदक घेऊन परतले, तेव्हां कऱ्हाडाहून निघालेल्या मिरवणुकींतल्या बैलगाड्यांपैकीं एक आबांनीं हांकली होती. स्वतंत्र हिंदुस्थानला एकट्या खेळाडूनें मिळवून दिलेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक. पण आबांच्या तोंडीं त्या पदकापेक्षां एका जपानी माणसाचें नांव अधिक असे. त्या वर्षीं खाशाबांच्या गटांत सुवर्णपदक पटकाविलें तें शोहाची इशी यानें. खाशाबा त्याच्याकडून हरले होते. आणि जपानच्या वांट्याला त्या ऑलिंपिकमध्यें आलेलें तें एकुलतें एक सुवर्णपदक होतें. 'इशी' हें नांव आबा अशा कांहीं स्वरानें उच्चारीत, कीं ऐकणाराला वाटावें हा पलीकडच्या ओगलेवाडींत राहणारा, उसनवारी करून परागंदा झालेला कोणी इसम असावा.

त्याच वर्षीं बाबांनीं दिवाळीच्या बोनसांतून मनीष मार्केटमध्यें मला एक टी.व्ही. गेम घेऊन दिला. जपानच्या निंटेंडो कंपनीच्या यंत्राची ती कोठेंतरी झालेली हुबेहूब नक्कल होती. मधल्या खांचेंत पिवळी कॅसेट बसवावयाची; चालली नाहीं तर ती बाहेर काढून तिच्या तोंडांत फुंकर मारावयाची. या फुंकरीचा शास्त्रीय उपयोग काय तें मला आजतागायत समजलेलें नाहीं, पण माझ्या पिढींतल्या प्रत्येक मुलानें ती मारलेली आहे. यंत्राबरोबर मिळालेल्या कॅसेटवर ९९९९ खेळ असल्याचें छापलेलें होतें. प्रत्यक्षांत खेळ दहाबाराच; तेच नांव आणि रंग बदलून पुन्हां पुन्हां येत. दुसऱ्या कॅसेटवर मात्र एकच खेळ होता आणि त्याचें नांवहि सरळ होतें: 'प्रो रेसलिंग'.

निंटेंडोनें हा खेळ १९८६ सालीं जपानांत काढला. आजच्या मुलांना तो पाहून हंसूं येतें. चौकोनी ठिपक्यांचीं माणसें, निळेंपांढरें रिंगण, आणि सारखी एकच वाजत राहणारी धून. पण त्यांतल्या पात्रांना बहार होती. फायटर हायाबुसा हा जपानचा. हायाबुसा म्हणजे ससाणा. बुरखा घातलेला स्टार मॅन मेक्सिकोचा, जायंट पँथर आणि किंग स्लेंडर अमेरिकेचे, किन कॉर्न कार्न कोरियाचा. आणि शिवाय 'अ‍ॅमेझॉन' नांवाचा एक अर्धा मासा अर्धा माणूस, ज्याच्या मायदेशाविषयीं यंत्रानेंहि मौन पाळलें होतें. मल्लांभोवतीं एक पंच लगबगीनें फिरे. दोरांबाहेर गेलेल्यानें वीस अंक मोजून होण्यापूर्वीं परतावयाचें, आणि खालीं पाडलेल्याला तीन अंक मोजेपर्यंत दाबून धरावयाचें, असे नियम होते. आबांना ते पसंत नव्हते. "पाठ टेकली कीं कुस्ती संपली. तीन कशाला मोजायचं? बाजारांत कांदं मोजत्यात व्हय?"

त्यांनीं हा खेळ प्रथम पाहिला तो १९९५ च्या उन्हाळ्यांत. मी सुटींत एकटाच खेळत बसलों होतों आणि आबा मागच्या खुर्चींत डुलक्या घेत होते, निदान मला तसें वाटत होतें.

"ह्यो कुठला रं?"

"जपानचा, आबा."

आबांची झोंप उडाली. ते खुर्ची ओढून पुढें आले. "म्हंजी इशीच्या गांवचा?"

त्या दिवशीं आबांनीं दुसरा रिमोट हातांत घेतला (आम्ही मुलें त्याला रिमोटच म्हणत असूं) आणि हायाबुसा निवडला, तो कधीं सोडला नाहीं. मला वाटलें होतें, खाशाबांच्या पराभवाचा सूड उगविण्यासाठीं ते त्या जपान्याला बडवूं पाहतील. मीं तसें विचारलेंहि. आबा म्हणाले, "ज्यानं आपल्या मानसाला पाडलं त्येच्याकडनं शिकून घ्यावं. भांडून काय व्हतंय?"

पहिल्या आठवड्यांत ते सारखे हरत. जिंकणाराच्या नांवें पडद्यावर 'ए विनर इज यू' असें एक वाक्य उमटे. जपानी माणसानें घाईघाईनें केलेलें तें इंग्रजी कोणत्याहि शाळेंत लाल शाईवांचून सुटलें नसतें, आणि कदाचित् म्हणूनच तें जगभर अजरामर झालें आहे. "काय लिवलंय?" आबा विचारीत. "मी जिंकलों, असें लिहिलें आहे." "येवढंच? आन् दुसरा कोन व्हता, त्येचं काय न्हाई लिवलं?"

आमच्या शाळेंत त्या काळीं निराळाच वाद चालू होता. केबलवर अमेरिकन कुस्त्या दिसूं लागल्या होत्या, मधल्या सुटींत त्या मल्लांचीं ट्रम्प कार्डें खेळलीं जात, आणि 'हें सारें खरें असतें कीं ठरलेलें' या प्रश्नावरून वर्गांत दोन तट पडले होते. मीं तो प्रश्न आबांपुढें ठेवला. माझी समजूत कीं आबांना हें नवीन असेल. पण आबा हंसले. पूर्वीं एकदां गिरणींतल्या चुलतभावाकडे ते मुंबईला आले असतां त्यानें त्यांना वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर दारासिंग आणि किंगकाँग यांची कुस्ती दाखवावयास नेलें होतें. तो किंगकाँग म्हणजे मूळचा हंगेरीकडचा एमिल चाया. देहानें मालगाडीच्या डब्यासारखा. सारें स्टेडियम उभें राहून ओरडत होतें आणि आबा एकटे खालीं बसून होते. कां, म्हणून विचारलें तर म्हणाले, "त्यो मोठा पडताना आधी हात टेकीत व्हता. पडणारा मानूस असा हात टेकतो व्हय? ज्येला ठावं असतं आपून पडणार, त्योच टेकतो."

हाच किंगकाँग १९५५ च्या नोव्हेंबरांत टोकियोला रिकिदोझानकडून हरला होता. जपानी व्यावसायिक कुस्तीचा उगम या रिकिदोझानपासून झाला. महायुद्धांत खचलेल्या राष्ट्राला त्यानें धिप्पाड गोरे मल्ल लोळवून दाखविले, आणि चौकाचौकांत बसविलेल्या टी.व्ही.पुढें हजारोंची गर्दी जमविली. तो स्वतः जन्मानें कोरियन होता ही गोष्ट मात्र त्या गर्दीपासून लपवून ठेवलेली होती. कुस्तीचा निकाल ठरलेला आणि कुस्तीगीराचें राष्ट्रहि ठरवलेलें, असा तो सारा मामला होता. १९६३ सालीं एका रात्रीं टोकियोच्या एका क्लबांत त्याला सुरा लागला आणि आठवडाभरानें तो गेला. तेवढें मात्र कोणी ठरविलेलें नव्हतें.

आबांना मीं हें अर्थातच सांगितलें नाहीं, कारण तेव्हां मलाच तें ठाऊक नव्हतें. पण त्या दुपारीं ते जें बोलले तें मी अजून विसरलों नाहीं. पडद्याकडे बोट करून ते म्हणाले, "भाईरची ती कुस्ती ठरल्याली. पर ह्या डब्यातली न्हाई बघ."

किती खरें होतें तें! मूळ कुस्ती नाटकी, आणि तिची यंत्रांत उतरलेली प्रतिमा मात्र अगदीं प्रामाणिक. त्या ठिपक्यांच्या हायाबुसाला कोणी सांगून ठेवलेलें नसतें कीं आज तूं सातव्या मिनिटाला पडावयाचें आहे. तो पडतो तो आपला अंगठा चुकला म्हणून. जपानांतल्या ज्या लोकांनीं हा खेळ रचला त्यांना त्या कुस्तीचें कपट ठाऊक नव्हतें असें थोडेंच आहे? पण त्यांनीं तिच्यांतलें कपट बाजूला ठेवलें आणि प्रेक्षक म्हणून लहानपणीं जें डोळे विस्फारून पाहिलें होतें तेवढेंच यंत्रांत घातलें.

त्या पावसाळ्यांत आबा जिंकूं लागले. माझी बोटें त्यांच्यापेक्षां दसपट चपळ. पण तें चापल्यच मला नडे. मी बटणें बडवीत धांवून जाई. आबा हायाबुसाला दोन पावलें मागें घेत, बाजूला सरकवीत, आणि मी आवेशाच्या भरांत पुढें गेलों कीं मागून त्याची ती प्रसिद्ध लाथ माझ्या डोक्यांत बसे. "खडाखडी करायला शिक," ते म्हणत. "मातीत उतरल्याबरूबर गळ्यात पडायचं नसतं. आधी त्येच्या हाताला आपला हात लागू द्यावा. त्यो काय म्हनतोय ते हाताला कळतं." रबराच्या बटणांतून ते हें कसें ऐकत तें देव जाणे. मुलुंडची वीज त्या काळीं ऐन रंगांत जात असे. दोन अंक मोजून झालेले आणि तिसऱ्याच्या आंत अंधार! अशा वेळीं कुस्ती बरोबरींत सोडवावयाची कीं नाहीं यावर आम्ही दोघे अंधारांत वाद घालीत बसूं, आणि आई मेणबत्ती घेऊन येतांना म्हणे, "बारा वर्षांचा कोण आणि सत्तरीचा कोण, हेंच कळेनासें झालें आहे."

पुढच्या वर्षीं आबांचा उजवा हात कांपूं लागला. डॉक्टरांनीं कंपवात म्हणून सांगितलें. प्रथम चहाच्या कपाखालीं बशी वाजूं लागली, मग सदऱ्याचीं बटणें आई लावूं लागली. आबा हें सारें निमूटपणें स्वीकारीत. पण दुपारीं रिमोट हातांत घेतला कीं त्यांच्या चेहऱ्यावर एक निराळीच कष्टी एकाग्रता दिसे. डोळ्यांना डाव दिसत होता, अंगठा पोंचत नव्हता. ते हरूं लागले. एकदां सलग अकरा वेळां हरले. हंसणें तर थांबलेंच होतें, पण कांद्यांवरची ती थट्टाहि थांबली.

तेव्हां मीं हरावयास सुरुवात केली. कोणी मला शिकविलें नव्हतें. चौदा वर्षांच्या मुलाला दया ही गोष्ट कोठूनशी आपोआप सुचते आणि ती त्याला मोठी थोर वाटते. मी माझा मल्ल रिंगणाच्या मधोमध नुसता उभा करूं लागलों. लाथ आली कीं खावयाची, पडलों कीं उठावयास उशीर लावावयाचा, तीन अंक होऊं द्यावयाचे आणि मग मोठ्यानें "अरेरे!" म्हणावयाचें. तीनचार दिवस असे गेले. आबा जिंकत आणि कांहीं बोलत नसत. पांचव्या दिवशीं पडद्यावर 'ए विनर इज यू' आलें, तसा त्यांनीं रिमोट काळजीपूर्वक जमिनीवर ठेवला.

"नुरा खेळतोयस व्हय रं?"

हा शब्द मला ठाऊक नव्हता. ठरवून खेळलेल्या कुस्तीला पैलवानांच्या बोलींत नुरा कुस्ती म्हणतात, हें मला त्यानंतर कळलें. पण स्वरावरून अर्थ समजावयास वेळ लागला नाहीं. आबा उठले, गॅलरींत गेले आणि माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. मी रडकुंडीला येऊन मागें उभा. बऱ्याच वेळानें, मागें न वळतां, ते बोलूं लागले.

पाटणच्या बाजूच्या एका जत्रेंत त्यांची जोड त्यांच्याच तालमींतल्या एका मित्राशीं लागली होती. लहान पोरांच्या रेवडीवरच्या कुस्त्या आटोपल्या होत्या, मोठीं इनामें सुरू झालीं होतीं. मित्राच्या बहिणीचें लग्न ठरलें होतें आणि घरांत दाणा नव्हता. आदल्या रात्रीं दोघांचें ठरलें: आबांनीं पडावयाचें आणि इनाम मित्रानें घ्यावयाचें. आबांनीं स्वतःसाठीं कांहींहि मागितलें नाहीं. कुस्ती लागली. चौथ्या मिनिटाला मित्रानें ढाक घातली आणि आबा पडले. "ढाक बसलीच नव्हती," ते म्हणाले, "आन् मी पडलो. लोकान्ला मागनं कळलं. आधी हलगीवाल्याला कळलं. त्येचा हात थांबला."

दुसऱ्या दिवशीं पहांटे ते नेहमींप्रमाणें तालमींत गेले. दार उघडें होतें. वस्तादांनीं शिवी दिली नाहीं, बाहेर जा म्हटलें नाहीं; फक्त सगळ्यांना जोर मारावयास सांगितलें, आणि आबांना सांगितलें नाहीं. आबा थोडा वेळ उभे राहिले आणि परत आले. त्यानंतर त्यांनीं लांग बांधली नाहीं. त्यांचे ते जर्दाळूसारखे कान, ज्यांचा मला एवढा अभिमान, ते चोविसाव्या वर्षींच निवृत्त झालेले होते.

मीं विचारलें, "आबा, तुम्हांला त्याचें वाईट वाटतें?"

आतां ते वळले. "पडलो त्येचं न्हाई. त्येच्या भनीचं लगीन झालं. पर पडायाला आलं न्हाई त्येचं वाटतं. पडाया बी येवं लागतं, पोरा. मला आलं न्हाई, आन् तुलाबी येत न्हाई."

या वाक्यावर मी पुष्कळ वर्षें विचार करीत आलों आहें. त्यावेळीं मला त्यांत फक्त रागावणें ऐकूं आलें. दुसऱ्या दिवसापासून मी सारें बळ लावून खेळलों आणि रोज त्यांना हरविलें, आणि आश्चर्य असें कीं त्यांची थट्टा परत आली. हरल्यावर ते खुर्चींत मागें रेलून दोन्ही हात वर करीत आणि म्हणत, "पडलो बघ! ह्याला म्हनत्यात पडनं." १९९८ च्या श्रावणांत ते गेले. यंत्र पुढें धूळ खात पडलें आणि कोणत्यातरी दिवाळीच्या साफसफाईंत भंगारवाल्याकडे गेलें.

पुढें मी नोकरीला लागलों तो अंधेरीला, सीप्झमध्यें. मुलुंडहून लोकलनें घाटकोपर, आणि तेथून ३४० नंबरच्या बसनें अंधेरी. मेट्रो २०१४ सालीं यावयाची होती. त्यापूर्वीं साकीनाक्याला बस एकदां अडकली कीं बारीकसारीक कादंबरी वाचून संपावी. अमेरिकेंतल्या मावसभावानें आपलें जुनें गेम बॉय अ‍ॅडव्हान्स मला दिलें होतें, आणि त्याबरोबर २००१ सालीं इंग्रजींत निघालेला 'फायर प्रो रेसलिंग' हा खेळ. पहिल्याच कुस्तींत मी थबकलों. येथें बटणें बडविणारा हटकून हरतो! दोघे मल्ल एकमेकांना भिडतात, आणि पकड जमते त्या नेमक्या क्षणीं ज्यानें एकदांच बटण दाबलें त्याचा डाव बसतो. घाई केली तर गेलों, उशीर केला तरी गेलों. आरंभींच मोठा डाव टाकावयास जावें तर तो आपल्यावरच उलटतो. आधीं लहान डावांनीं प्रतिस्पर्ध्याला दमवावें, मग मधले, मग मोठे. ही तर आबांची खडाखडी होती. बसच्या खिडकीशीं बसून मीं त्या खेळाच्या कुळाचा शोध घेण्याचें ठरविलें, आणि सांपडलें तें असें: ही मालिका १९८९ सालीं ह्यूमन नांवाच्या कंपनीनें पीसी इंजिन या यंत्रासाठीं सुरू केली, तिचा कर्ता मासातो मासुदा, आणि याच मासुदानें पूर्वीं निंटेंडोच्या त्या 'प्रो रेसलिंग'चें प्रोग्रॅमिंग केलें होतें. माझ्या आजोबांचा वस्ताद मला साकीनाक्याला भेटला म्हणावयाचा.

जपानी आवृत्त्यांत खऱ्या मल्लांना नांवें बदलून आणलेलें असे. अँटोनिओ इनोकी हा 'व्हिक्टरी मुसाशी' होई, जायंट बाबा हा 'ग्रेट शिबा'. चेहरा ओळखीचा, नांव परकें. जणूं उधारी चुकविण्यासाठीं सारेच वेष पालटून आलेले. यांतली १९९४ ची आवृत्ति विशेष गाजली, ती तिच्या शेवटामुळें. तिची कथा गोइचि सुडा या तरुणानें लिहिली. हा गृहस्थ त्यापूर्वीं अंत्यसंस्कारांची व्यवस्था पाहणाऱ्यांकडे नोकरीला होता. त्याचा नायक एकेक कुस्ती जिंकत जगज्जेता होतो. वाटेंत गुरु जातो, प्रेयसी जाते. आणि पट्टा मिळाल्यावर रिकाम्या घरांत तो स्वतःचा जीव घेतो. मला हा शेवट आवडत नाहीं. लेखकानें वाचकाच्या, म्हणजे येथें खेळणाराच्या, पायांखालचें जाजम ओढून घेतल्यासारखा तो वाटतो. पण 'आन् दुसरा कोन व्हता, त्येचं काय न्हाई लिवलं?' हा आबांचा प्रश्न त्या तरुणालाहि पडला होता, एवढें मात्र मी कबूल करीन.

मला खरें सांपडलें तें दुसरीकडेच. जपानांत व्यावसायिक कुस्तीच्या तालमींत नवशिक्याला आरंभीं डाव शिकवीत नाहींत. शेंकडों बैठका काढावयास लावतात. या बैठकांना तेथें 'हिंदू स्क्वॉट' म्हणतात. जपानी मल्लांचा गुरु कार्ल गॉच यानें आपल्याकडच्या तालमींतली ही मेहनत तेथें रुजविली. आणि बैठकांबरोबर शिकवितात तें 'उकेमि', म्हणजे पडणें. पाठीवर कसें पडावें, हनुवटी छातीला कशी लावावी, मानेवर भार कसा येऊं देऊं नये. निकाल ठरलेला असला तरी पाठ खरी असते आणि जमीनहि खरी असते. फेकणाराचें कौशल्य सगळ्यांना दिसतें. पण फेंकलेला डाव डावासारखा दिसतो तो पडणाराच्या कौशल्यामुळें. तोच दोघांना सांभाळतो. मित्सुहारू मिसावा हा या पडण्याच्या कलेंतला श्रेष्ठ मानला जाई. हजारों वेळां तो पडला आणि उठला. आणि १३ जून २००९ रोजीं हिरोशिमाच्या रिंगणांत एका नेहमींच्याच डावावर पडला तो उठलाच नाहीं. त्याचें वय ४६ होतें. ठरलेली कुस्ती म्हणून तिला खोटी म्हणणें मीं त्या दिवसापासून सोडलें.

फायर प्रोच्या पुढच्या आवृत्त्यांत एक नवी गोष्ट आली. सामना संपला कीं कोण जिंकला याच्या जोडीला सामना किती रंगला याचेहि शेंकडा गुण पडद्यावर येतात. आणि हे गुण झटपट जिंकणाराला मिळत नाहींत. दोघांनींहि मार खाल्लेला असावा लागतो, दोघेहि पडून उठलेले असावे लागतात. जगाच्या पाठीवर असे शौकीन आहेत, कीं ते स्वतः खेळतहि नाहींत. मल्लांचे स्वभाव यंत्रांत नीट लावून देतात आणि दोघांची कुस्ती नुसती पाहत बसतात, हलगीवाल्यासारखीं कान टवकारून. आबांना हें दाखवावयास हवें होतें, असें मला वाटतें. मग वाटतें, त्यांनीं त्यांतहि खोड काढली असती. शंभरांपैकीं किती हें कशाला मोजायचं, कांदं हायत व्हय?

असो. मी खिडकीपाशीं गेलों आणि चिरंजीवांना म्हणालों, "होय, मी मुद्दाम हरलों."

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "तूं नुसता उभा होतास. कोणी असा उभा राहतो का?"

मीं त्याला आबांची गोष्ट सांगितली. पाटणची जत्रा त्याला फारशी भावली नाहीं. हलगीवाल्याचा हात थांबला, तेथें मात्र तो माझ्याकडे वळला आणि हलगी कशी वाजते असें त्यानें विचारलें. मीं टेबलावर वाजवून दाखविली. मग आम्ही पुन्हां खेळावयास बसलों. जुना 'प्रो रेसलिंग' आतां संगणकावरहि चालतो, फुंकर मारावी लागत नाहीं एवढाच फरक. मीं हायाबुसा घेतला. त्यानें स्टार मॅन घेतला, गुलाबी कपड्यांसाठीं. पहिल्या दोन कुस्त्या मीं जिंकल्या आणि त्याबद्दल त्याची कांहीं तक्रार दिसली नाहीं. तिसरींत मी दोरांकडून परततांना त्याच्या स्टार मॅननें उडी घेऊन माझ्या छातींत अशी कांहीं लाथ घातली कीं मी खरोखर आडवा झालों. अंगठा दुखेपर्यंत बटणें दाबलीं, तरी उठवेना. पंचानें तीन अंक मोजले आणि तें जुनें अशुद्ध इंग्रजी वाक्य पडद्यावर आलें.

मुलानें तें वाचलें, आणि मग बारीक डोळे करून माझ्याकडे पाहिलें.

"पुन्हा मुद्दाम?"

मीं शपथ घेतली. ती त्याला पटली नाहीं, आणि त्यानें चौथी कुस्ती लावली.